सोलरला बांधलेलं नवं

आमच्या घरात वीज नाही याला सरकार कारण नाही, माझा चुलत दीर कारण आहे. खांब त्याच्या काजूंतून यायला हवा आणि तो येऊ देत नाही. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्याआधी त्याची वाट माझ्या अंगणाच्या कडेने जायला हवी होती आणि मी ती जाऊ दिली नव्हती. तो खाली वाडीत राहतो, मी वर सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, कडेला एकटी. मधे चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी आहे. त्याचं माझं बोलणं नाही. त्याच्या बायकोचं, म्हणजे माझ्या जावेचं आणि माझं मात्र रोज दोन तास असतं.

यजमान गेल्यावर मुलगा म्हणाला, घर बंद कर आणि मुंबईला चल. मी नाही म्हटलं. त्याने सहा महिने सांगून बघितलं आणि मग सोलर बसवलं. गोठ्याच्या पत्र्यावर दोन काचा, पडवीत एक बॅटरी आणि तिच्या वर भिंतीला एक डबा. पत्रा मागच्या बांधावरून हाताला लागतो, त्यामुळे काचा पुसायला शिडी लागत नाही. बॅटरी उचलायला दोन माणसं लागली. तिला अधूनमधून पाणी पाजावं लागतं. विहिरीचं पाणी मी पिते, गाय पिते, पण हिला चालत नाही. हिला पालीच्या दुकानातलं बाटलीतलं लागतं.

डब्यावर दोन आकडे दिसतात. वरचा आकडा म्हणजे आत्ता काचांतून किती येतंय, खालचा म्हणजे बॅटरीत किती साठलंय. शंभर म्हणजे भरलेली. मुलगा म्हणाला, "आई, तू फक्त खालचा बघ. वरच्याच्या नादाला लागू नकोस, गोंधळशील." मी चौथी शिकले आहे. शंभरपर्यंतचे आकडे पहिलीतच येतात. पण म्हटलं, बरं.

त्या डब्यात त्याने एक सिमकार्ड घालून ठेवलं आहे, हे मला मागाहून कळलं. डब्यावरचे आकडे मुंबईत त्याच्या मोबाईलवर दिसतात. मी इथे बटण दाबलं की तिथे त्याला समजतं.

"आई, अकरा वाजता काय लावलं होतंस?"

"मिक्सर."

"किती वेळ?"

"वाटण होईपर्यंत."

"पाटा आहे ना आपला?"

"पाटा आहे. पाट्यावर बसायला तुझी बायको पाठव."

दोन दिवस फोन आला नाही. मग पुन्हा सुरू. टीव्ही चार तास का, पंखा भर पावसात कशाला. एकदा मी सकाळी उशिरा उठले तर सात वाजता फोन. "लाईट नाही लागली अजून. बरं नाही का?" तेव्हापासून मी साडेसहाला उठून दिवा लावते, मुंबईला समाधान देते आणि वाटलं तर परत आडवी होते.

आता श्रावणातली गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं. आठ दिवस सूर्य दिसला नाही. साठा पन्नास, चाळीस, तीस करत खाली आला. पंचविसाला डबा टीं टीं करायला लागला. मला वाटलं तहान लागली असेल, म्हणून बॅटरीला पाणी पाजलं. टीं टीं थांबली नाही. वीसच्या खाली गेल्यावर ती आपोआप थांबली, कारण डबाच बंद झाला. मोबाईल आदल्या दिवशीच मेला होता. मी चुलीवर पेज ठेवली आणि बसले.

तिकडे मुंबईत मुलाच्या मोबाईलवर आकडा दिसेना. त्याने फोन लावला, लागेना. मग त्याने खाली दिराच्या घरी फोन केला आणि काय सांगितलं देव जाणे. दिराने पंधरा वर्षांत माझ्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी टाकलं. भर पावसात चार माणसं घेऊन वर आला. एकाच्या हातात दोर होता आणि एकाच्या हातात घोंगडी.

मी चुलीपुढे पेज पीत होते. मला बघून दीर उंबऱ्यातच थांबला. दोरवाल्याने दोर पाठीमागे धरला. मागून माझी जाऊ धापा टाकत आली.

"आक्का, जिवंत हाईस तर निदान फोन तरी उचलायचास!"

"आणि नसते तर उचलला असता काय?"

इतक्या लांब आलेल्या माणसांना तसंच पाठवणं बरं दिसत नाही, म्हणून मी सगळ्यांना कोरा चहा केला. दीर प्यायला नाही. कप मात्र शेवटपर्यंत हातात धरून उभा होता.

त्या रात्री जावेच्या मोबाईलवरून मुलाने मला अट घातली. "आई, पाऊस होता म्हणून या वेळी सोडतो. पण बॅटरी पुन्हा वीसच्या खाली गेली, तर मी येऊन तुला घेऊन जाणार. मला इथे झोप लागत नाही." मी म्हटलं, बरं. म्हणजे शब्द दिला. मी शब्द सहसा देत नाही, कारण दिला की पाळावा लागतो.

गणपती गेले, पाऊस ओसरला, ऊन पडायला लागलं. बॅटरी दुपारी बाराला शंभर व्हायची. मी मिक्सर लावायचे, मालिका बघायचे. मग दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याला नवं बांधतात. कापणीच्या आधी शेतातल्या भाताच्या चार लोंब्या आणायच्या, आंब्याच्या पानांत त्या, गोंड्याची फुलं आणि कुरडूचे तुरे घालून जुड्या करायच्या आणि ज्याच्यावर घर चालतं त्या सगळ्याला बांधायच्या. दाराला, नांगराला, कोयत्याला, जात्याला, विहिरीच्या रहाटाला. बांधलेलं नवं सोडायचं नाही. ते वाळतं, धूळ खातं, पण वर्षभर तिथेच राहतं. पुढच्या दसऱ्याला दुसरं बांधायचं तेव्हाच आधीचं उतरतं.

आदल्या दिवशी मुलाचा फोन आला. "आई, सगळ्याला नवं बांधतेस, सोलरला पण बांध. पूजा कर आणि फोटो पाठव."

मला ते पटलं. आमच्या नांगराने सहा वर्षांत माती बघितलेली नाही, तरी त्याला मी बांधते. सोलर तर रोज राबतं. त्याला एका जुडीवर कसं भागवायचं? पालीच्या बाजारातून टोपलीभर गोंडे आणले. आंब्याचे टहाळे मोडले. लोंब्या घालून चार हात लांब तोरण केलं, चांगलं मनगटाएवढं जाड, आणि दोन्ही काचांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवं बांधलं. वरच्या कडेला बांधलं असतं तर वाऱ्याने उडालं असतं, म्हणून बरोबर मध्यावर, करकचून. मी कामात अर्धवटपणा करत नाही. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला.

जावेने फोटो काढला. "आक्का, नवरी दिसते गो तुझी बॅटरी."

"बॅटरी पडवीत आहे. ह्या काचा."

"मग करवल्या," जाऊ म्हणाली.

मुलाने तो फोटो मोबाईलवर सगळ्यांना दिसेल असा लावला. त्याच्या ऑफिसातल्या लोकांनी म्हणे खाली हात जोडल्याची चित्रं पाठवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी साठा ब्याण्णव. मी म्हटलं, असेल. तिसऱ्या दिवशी पंच्याऐंशी. चौथ्या दिवशी सत्त्याहत्तर. ऊन तर असं की अंगणात पाय ठरत नव्हता. मुलाचा फोन आला.

"आई, काय चालू ठेवतेस तू?"

"तुझ्या वडिलांचा फोटो आहे भिंतीवर, त्याला पण वीज लागते काय?"

"वरचा आकडा फार कमी दिसतोय. काच घाण झाली असेल. पुसून घे."

मी पुसली. बांधावर उभी राहून, फडकं ओलं करून, कोपरा न् कोपरा पुसला. तोरणाच्या खाली पक्ष्यांनी घाण केली होती, कारण लोंब्यांतले दाणे टिपायला ते येऊन बसायचे. नवं सोडायचं नाही, एवढं मला माहीत आहे. म्हणून मी ते एका हाताने उचलून धरलं, दुसऱ्या हाताने खालचं पुसलं आणि पुन्हा जिथल्या तिथे नीट बसवलं. एक पान दुमडलं होतं ते सरळ केलं.

त्या दिवशी संध्याकाळी साठा सत्तर.

मग मी काटकसर सुरू केली. टीव्ही बंद. पंखा बंद. मिक्सर गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला, म्हणजे मोह नको. मोबाईल जावेकडे चार्ज करायला द्यायचे, म्हणजे दिराच्या खांबावरची वीज मी फुकट वापरत होते, तेवढंच एक सुख. दिवेलागणीला समई आणि कंदील. फक्त सकाळी साडेसहाला दिवा लावायचे आणि शंभर मोजून बंद करायचे. मी जिवंत आहे हे कळवण्याइतकी वीज घरात असायला हवी.

तरी साठा उतरतच होता. साठ. त्रेपन्न. शेचाळीस. मी रोज दुपारी डब्यापुढे पाट टाकून बसायचे. माझ्याकडे बघून तरी वाढेल, पण नाही.

मुलाने पालीहून वायरमन पाठवला. हा माणूस विहिरीच्या मोटारी दुरुस्त करतो. सकाळी येतो म्हणाला आणि आला साडेचारला, ऊन काजूच्या पलीकडे गेल्यावर. बांधावर चढला, काचा बघितल्या, चपला काढल्या, हात जोडले.

"काकी, नवं बांधलाय. ह्याला काय मी हात लावणार नाय. बाकी सगळा बघतो."

"बाकीच बघ. नव्याला काही झालेलं नाही."

त्याने वायरी ओढून बघितल्या, स्क्रू पिळले, डबा उघडून फुंकर मारली, बॅटरीच्या डोक्यावर कान ठेवला. दोन कप चहा झाला. मग त्याने तोंड पाडलं.

"बॅटरी दमली काकी."

"तीन वर्षांत? मी सत्तर वर्षं झाली तरी दमले नाही."

"तुम्ही जुना माल," तो म्हणाला. "हल्ली असा माल येत नाय."

त्याने मुलाला फोन करून तेच सांगितलं. मुलाने फोन मला द्यायला सांगितला. मग म्हणाला, "आई, आता हे पुरे झालं. नवीन बॅटरी आणून परत हेच. मी येत्या शनिवारी येतो. तू कपडे भरून ठेव."

"वीसच्या खाली गेली तर जायचं ठरलं होतं. अजून अडतीस आहे."

"शनिवारपर्यंत जाईल."

हिशेब त्याचा चूक नव्हता. रोज सात-आठ उतरत होती, पुढे चार-तीन झाली, कारण मी सकाळचा दिवा शंभरावरून वीस मोजण्यावर आणला होता.

मला मुंबईचं वाईट वाटत नव्हतं. मुंबईला माणसं राहतात. मला वाईट दोन गोष्टींचं वाटत होतं. खालच्या मळ्यात भात उभं होतं, आठवड्यात कापणीला येणार होतं. ते आता दुसऱ्या कोणीतरी कापायचं. आणि गाय. गाय जावेकडे ठेवायचं ठरलं. म्हणजे माझी गाय दिराच्या गोठ्यात बांधली जाणार आणि सकाळच्या चहात तिचं दूध दीर पिणार. या विचाराने मी दोन रात्री बसून काढल्या.

जाऊ समजूत घालायला आली. "आक्का, मुंबैला बरा असतो गो. लिफ्ट हाय म्हणे. पाखाडी चढायची नको, उतरायची नको."

"लिफ्टने खाली जाऊन करायचं काय?"

"परत वर यायचा."

"एवढंच असेल तर मी इथे बांधावर चढ-उतर करते."

"आणि वीज चोवीस तास. पायजे तेवढा मिक्सर लाव."

"वाटण लावून घालू कशात? सून तेलात तिखट टाकते आणि त्याला आमटी म्हणते."

जाऊ हसली आणि मग डोळे पुसायला लागली. मी तिला म्हटलं, रडायचं असेल तर गायीला घेऊन गेल्यावर रड, आत्ता पेंढा मोजून घे.

शनिवारी सकाळी दहाला मुलगा आला. पाखाडी चढून घामाघूम झाला होता. आल्याबरोबर आधी टीं टीं करणाऱ्या डब्यापुढे गेला, मग माझ्याकडे वळला. "बावीस," म्हणाला. माझ्या पाया पडला ते त्यानंतर.

मी पिशव्या भरून ओटीवर ठेवल्या होत्या. दोन लुगडी, औषधाची डबी, कुळथाचं पीठ, आमसुलं. गाय सोडायची राहिली होती, जाऊ दुपारी येणार होती. एक गोष्ट राहिली होती, ती म्हणजे नवं. घर बंद करायचं तर दाराचं नवं दारालाच राहू दे, नांगराचं नांगराला. पण सोलरवर माझ्यामागे काहीच चालणार नव्हतं. म्हटलं, सोडायचं नाही हे खरं, पण रिकाम्या घरावर वाळवत ठेवण्यापेक्षा हे मुंबईच्या दाराला बांधू. देवाला तसं सांगितलं. कोयती घेतली आणि मागच्या बांधावर गेले.

मुलगा पडवीत डब्यापुढेच उभा होता. त्याला आशा होती की काय, माहीत नाही. मी गाठी कापल्या, तोरण ओढून खांद्यावर घेतलं. तेवढ्यात आतून ओरडला.

"आई! काय केलंस?"

"काही नाही केलं! काय झालं?"

"वरचा आकडा अठरा होता! दोनशे चाळीस झाला!"

मी बांधावर तशीच उभी राहिले. खांद्यावर तोरण, हातात कोयती. मग मी तोरण हळूच काचांवर परत ठेवलं.

"आता किती?"

"अठरा!"

उचललं. "आता?"

"दोनशे पंचेचाळीस! आई, तू करतेस काय तिथे?"

मी तोरण खांद्यावर टाकलं. खाली आले, ओटीवर गेले आणि पिशवीतून कुळथाचं पीठ काढून परत पिठाच्या डब्यात ओतलं.

मुलाने नंतर मोबाईलवर वाचून मला समजावलं. डबा स्वतःच रात्रंदिवस वीज खातो आणि काचांतून तेवढीही येत नव्हती. काचेतल्या त्या चौकोनी खणांतून वीज एकातून दुसऱ्यात जाते. मला ते लगेच कळलं. चिऱ्याचं घर बांधताना बायका ओळीने उभ्या राहून घमेली पुढे देतात. मधली एक खाली बसली की पुढच्या सगळ्यांचे हात रिकामे. मी मधली अख्खी ओळ सावलीत बसवली होती, करकचून बांधून.

"पण आई, एवढं मोठं तोरण काचेवर कोणी बांधतं?"

"सोलरला नवं बांध असं कोण म्हणालं?"

"मी पत्र्याखालच्या खांबाला म्हणत होतो."

"तसं बोलला नाहीस. आणि फोटो तू बघितलास ना?"

त्याने मोबाईल काढला. फोटो मोठा करून बघितला. काचा जेमतेम दिसत होत्या, सगळे गोंडेच.

"तुझ्या ऑफिसात एवढी शिकलेली माणसं," मी म्हटलं, "सगळ्यांनी हात जोडले. एकाच्याही डोक्यात आलं नाही?"

"सणाचा फोटो होता गं. त्यात कोण वॅट बघतं?"

"आणि रोज बारा दिवस तो आकडा कोण बघत होतं?"

त्याने मोबाईल खिशात घातला. चूक माझी होती, हे मी त्याला सांगितलं. पण एकटीची नव्हती, हेही सांगितलं. वायरमनला त्याने फोन केला तर तो म्हणाला, "मला आला होता संशय, पण नव्याला कसा बोलणार!" त्याला काही संशय आला नव्हता.

मग मुलगा शेवटचा प्रयत्न करायला बसला. "आई, रजा घेऊन आलोय मी. तिकिटं काढलीत."

"शब्द वीसचा होता. बावीस आहे. वाढतेय. तू स्वतः बघितलंस."

"आई..."

"रजा किती आहे?"

"मंगळवारपर्यंत."

"मग लुंगी घाल. खालच्या मळ्यात भात पिकलंय."

दुपारी जाऊ गाय न्यायला दोर घेऊन आली, तर आम्ही दोघं भात कापत होतो. बांधावरूनच तिने विचारलं, "आक्का, गाय?"

"गाय हगायला पण तुझ्या गोठ्यात येणार नाही. दोर ठेव आणि विळा घे."

नवं मी पत्र्याखालच्या खांबाला बांधलं. खांब सोलरचाच आहे, देवाची हरकत नसावी. मुलाने तीन दिवस भात कापलं. कमरेला तेल लावून घ्यायला रोज संध्याकाळी माझ्यापुढे आडवा व्हायचा आणि आडवा पडून मोबाईलवर साठा सांगायचा. चाळीस. पासष्ट. एकोणनव्वद.

मंगळवारी सकाळी निघताना मी त्याला माझी अट घातली. आठच्या आधी फोन करायचा नाही, आणि वाटणाविषयी अवाक्षर काढायचं नाही. तो म्हणाला, बरं. त्याच्या पिशवीला मी तोरणातली एक लोंबी बांधली, कारण माझ्या घरावर लक्ष ठेवायचं काम त्या पिशवीतला मोबाईल करतो.

तो पाखाडी उतरून दिसेनासा झाला. मी पडवीत येऊन डबा बघितला. वरचा आणि खालचा, दोन्ही आकडे. साठा शंभर. मी माळ्यावर चढून मिक्सर काढला, गोणपाट झटकलं, खोबरं, धणे आणि मिरची घातली आणि झाकणावर हात ठेवून बटण दाबलं.

अजून तो पालीच्या स्टँडवर पण पोचला नसेल. मोबाईल वाजायला लागला. मी वाटण होऊ दिलं.